वीतभर विमानाचा खरेपणा

मोठ्या वस्तूचें लहान रूप करून तें न्याहाळीत बसण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. दिवाळींतला मातीचा किल्ला, मुलींची भातुकली, पोळ्याचे मातीचे बैल हीं सर्व मोठ्या जगाचीं लहान रूपेंच होत. पण त्यांत प्रमाणाला कोणी फारसें महत्त्व देत नाहीं. किल्ल्यावरचा मावळा बुरुजाहून उंच असला तरी त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. आज ज्या छंदाविषयीं मी बोलणार आहें त्यांत मात्र प्रमाण हाच पहिला नियम आहे. लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृति जोडणें, आणि जोडतां जोडतां ती सुधारणें, असा हा छंद आहे.

बाजारांत किट म्हणून जी पेटी मिळते तींत प्लॅस्टिकच्या चौकटींना जडलेले सुटे भाग, एक सूचनापत्रक, आणि पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं चिन्हें, ज्यांना डेकल म्हणतात, एवढें सामान असतें. सर्वांत प्रचलित प्रमाण एकास बहात्तर हें होय. तें इंग्रजी मोजमापांतून आलें. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हां सहा फूट उंचीचा माणूस ह्या लहानग्या जगांत बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडांत १९३२ सालीं स्कायबर्ड्स नांवाचे लाकडी संच ह्या प्रमाणांत निघाले. १९३६ सालीं फ्रॉगनें पेंग्विन ह्या नांवानें प्लॅस्टिकचे संच काढले. आणि १९५३ सालीं एअरफिक्सचें छोटें स्पिटफायर आल्यावर हा छंद शाळकरी मुलांच्या आटोक्यांत आला. मधल्या महायुद्धांत तर ह्या प्रतिकृतींकडे फार गंभीर काम आलें होतें. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें शाळांतील मुलांकडे ह्याच प्रमाणाच्या पांच लाख लाकडी विमानांची मागणी केली. आकाशांतील आकृति पाहून शत्रु कोण व मित्र कोण हें सैनिकांना ओळखतां यावें, म्हणून तीं हवीं होतीं. तेथें पंखाचा बाक चुकला तर स्वपक्षाचेंच विमान पाडलें जाण्याचें भय होतें. म्हणजे अचूकपणाची ही शिस्त केवळ हौशी माणसांचा हेका नव्हे.

आतां प्रतिकृति सुधारणें म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी कीं, सुधारणें म्हणजे भर घालणें. अधिक तारा, अधिक खिळे, अधिक डाग, अधिक गंज. ही समजूत टाकून दिल्यावांचून ह्या छंदाचा खरा आनंद हातीं लागत नाहीं. कारखान्याची पेटी आपणांस एका जातीचें विमान देते. सुधारणारा त्यांतून एक व्यक्ति घडवितो. अमुक दिवशीं, अमुक ठिकाणीं, अमुक पथकांत उभें असलेलें एक विमान. त्यासाठीं कांहीं जोडावें लागतें, कांहीं तासून टाकावें लागतें, आणि कांहीं गोष्टींना हात न लावतां त्या तशाच ठेवाव्या लागतात. कशाला काय करावयाचें हें ठरविणारा न्यायाधीश एकच, आणि तो म्हणजे पुरावा.

हें नुसतें तत्त्व सांगून कळावयाचें नाहीं, म्हणून एक उदाहरण घेऊं. विमान आहे वेस्टलँड लायसँडर. तें पहिल्यानें उडालें १९३६ सालीं. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर ह्यांच्या देखरेखीखालीं त्याची रचना झाली. पुढें कॅनबेरा आणि नॅट हीं जीं दोन विमानें आपल्या हवाई दलानें अनेक वर्षें वापरलीं त्यांच्या मुळाशींहि हेच पेटर होते. लायसँडर हें दिसावयास मोठें विलक्षण. पंख वैमानिकाच्या डोक्यावर बसविलेले, मुळाशीं अरुंद व मध्यें रुंद. काचेची लांबलचक खोली. आणि चाकांवर टांग्याच्या कमानीसारखीं जाड आवरणें. सैन्याच्या वर घिरट्या घालून टेहळणी करावी, निरोप पोंचवावे, लहानशा मैदानांत उतरावें, ह्या कामासाठीं तें बांधलेलें होतें. त्याचा वेग ताशी दोनशें मैलांहून थोडाच अधिक. लढाऊ विमानापुढें तो कांहींच नव्हे.

ह्या विमानाशीं मुंबईचा एक संबंध आहे. हिंदी हवाई दलाच्या पहिल्या पथकाला १९४१ सालीं जीं बारा लायसँडर विमानें मिळालीं तीं ‘बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंड’ ह्या निधींतून दिलेलीं होतीं. पेशावर येथें तीं पथकाच्या स्वाधीन झालीं, आणि १९४२ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं पथकप्रमुख के. के. मजुमदार ह्यांच्या हाताखालीं पथक ब्रह्मदेशांत टाँगू येथें पोंचलें. पोंचल्यावर लगेच जपानी विमानांनीं त्या तळावर हल्ला केला. त्यास उत्तर म्हणून मजुमदार ह्यांनीं टेहळणीच्या ह्या संथ विमानांना बाँब लटकावून सयामांतील जपानी तळावर उलट हल्ला चढविला. प्रत्येकी अडीचशें पौंडांचे दोन बाँब. आणि ते अडकविण्यासाठीं लागणारे कप्पे पथकाला तेथेंच तयार करून घ्यावे लागले. ह्या कामगिरीबद्दल मजुमदार ह्यांना डी. एफ. सी. हें पदक मिळालें. पुढें १९४५ सालीं हरिकेन विमानाच्या अपघातांत त्यांचा अंत झाला.

समजा, आपणांस टाँगूच्या मैदानावर उभें असलेलें हें लायसँडर करावयाचें आहे. एअरफिक्स आणि मॅचबॉक्स ह्या दोघांनींहि एकास बहात्तर प्रमाणांत लायसँडरचे संच काढलेले आहेत. मूळ विमानाचा पंखविस्तार पन्नास फूट, म्हणजे १५.२४ मीटर. त्यास बहात्तरनें भागिलें असतां २१ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक येतात. म्हणजे हें विमान वीतभर झालें. लांबी ९.३० मीटर, ती तेरा सेंटिमीटरांच्या आंत येते. पेटी उघडल्यावर पहिलें काम डिंकाचें नव्हे, मोजपट्टीचें. भाग सुटे असतांना नकाशावर ठेवून पाहावे. जोडल्यावर लक्षांत आलेली चूक सुधारण्यास दसपट श्रम पडतात.

मोजपट्टीचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. पेटींतील प्रत्येक जाडी बहात्तरनें गुणून पाहावी. पत्र्यांचे सांधे दाखविणारी रेघ प्लॅस्टिकमध्यें तीन दशांश मिलिमीटर रुंद असली, तर खऱ्या विमानांत ती साडेएकवीस मिलिमीटरांची फट झाली. तींत अंगठा जाईल! पंखाची मागची कड सहा दशांश मिलिमीटर जाड असेल तर ती खऱ्या विमानांत चार सेंटिमीटरांहून अधिक होते. आणि खोलीची काच एक मिलिमीटर जाड असेल तर वैमानिक सात सेंटिमीटर जाडीच्या काचेआडून पाहतो आहे असें म्हणावें लागेल. ह्यावरून पहिल्या सुधारणा कोणत्या तें आपोआप ठरतें. पंखाची मागची कड आंतल्या बाजूनें तासून पातळ करावी. खोल रेघा लांबीनें किंवा दाट अस्तरानें अंशतः भराव्या आणि बारीक पॉलिश पेपरनें पाण्यांत घासून गुळगुळीत कराव्या. लायसँडरच्या बाबतींत काचेकडे विशेष लक्ष द्यावें, कारण ह्या विमानाचा अर्धा चेहरा काचच आहे. जाड काच टाकून पातळ पारदर्शक पत्रा तापवून सांच्यावर ओढावा, म्हणजे नवी काच मिळते. ह्या एका फरकानें विमान खेळण्याच्या रांगेंतून उठतें.

काच पातळ झाली कीं आंतील रिकामेपणा उघडा पडतो. तेथें नळ्यांची चौकट हवी, कारण लायसँडरचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा होता आणि खोलींतून तो सरळ दिसत असे. त्यासाठीं विकत कांहीं आणावें लागत नाहीं. पेटींतील चौकटीचा निरुपयोगी तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ करावा व हलक्या हातानें ओढावा. केसाएवढी बारीक तार हवी तितकी मिळते. तिचे तुकडे चिमट्यानें धरून बसवावे. चिकटविण्याचा द्रव हा आपल्या परिचयाचा डिंक नव्हे. तो प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून कुंचल्याच्या टोकावर मावेल एवढाच घ्यावा, आणि खिडक्या उघड्या ठेवून काम करावें. त्याची वाफ डोक्यास चढते, आणि घरांत मुलें असतील तर बाटली व पातें दोन्ही कुलुपांत असावीं.

आतां इंजिन. येथें उत्साही माणसाची परीक्षा होते. गोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरापुढें दोन बारीक दांडे बसविले कीं तें फार शोभिवंत दिसतें, आणि छंदाच्या पुस्तकांत ही सुधारणा मोठ्या आवडीनें सांगितलेली असते. पण लायसँडरच्या दुसऱ्या आवृत्तींत, आणि पहिल्या पथकाकडे तीच होती, ब्रिस्टल पर्सियस हें इंजिन बसविलेलें होतें. त्यांत झडपा उघडण्यासाठीं दांडे नसतच. सिलिंडराच्या आंत एक नळकांडें सरकून व फिरून वायूची वाट उघडीत व मिटवीत असे. पहिल्या व तिसऱ्या आवृत्तींत मर्क्युरी इंजिन होतें. त्याला दांडे होते. तेव्हां ज्यानें हौसेनें नऊ सिलिंडरांवर अठरा दांडे चढविले त्यानें दोन संध्याकाळ खर्चून प्रतिकृति बिघडविली असें होतें. न केलेलें काम हीहि सुधारणा असूं शकते, तें असें.

कापडाविषयींहि हेंच. लायसँडरच्या धडाचा मागचा भाग आणि पंखांचा बराचसा पृष्ठभाग कापडानें मढविलेला होता. कापड म्हटलें कीं पेटी बनविणाऱ्याला बाजेची आठवण होते, आणि दर दोन फासळ्यांमध्यें तो खोल झोळ पाडतो. वस्तुतः हें कापड डोप नांवाच्या रोगणानें ढोलकीच्या पुडीसारखें ताणलेलें असे. फासळ्यांचा उंचवटा तिरप्या उन्हांतच जाणवे. म्हणून हे झोळ पॉलिश पेपरनें उतरवावे, इतके कीं बोटाला लागूं नयेत आणि डोळ्याला मात्र क्वचित् दिसावे.

एक सुधारणा अशी आहे कीं तिच्यामुळें सबंध विमानाचा ढब पालटतो. लायसँडरच्या पंखांच्या पुढच्या कडेला सरकत्या पट्ट्या होत्या. वेग कमी झाला कीं हवेच्या दाबाच्या फरकानें त्या आपोआप पुढें सरकत, आणि आंतल्या पट्ट्यांशीं जोडलेले मागचे फ्लॅप खालीं येत. वैमानिकाला हात लावावा लागत नसे. लहानशा मैदानांत उतरण्याचें सामर्थ्य त्याला ह्यामुळेंच आलें. म्हणून जमिनीवर उभ्या असलेल्या लायसँडरच्या छायाचित्रांत पुष्कळदां पट्ट्या पुढें आलेल्या व फ्लॅप झुकलेले दिसतात. पेटींत मात्र सर्व पंख एकसंध असतो. पट्ट्या कापून पुढें बसविल्या व फ्लॅप वेगळे करून झुकविले कीं वीतभर विमान विसावल्यासारखें दिसूं लागतें. चाकांच्या आवरणांत पुढें दिवे होते आणि मशिनगनहि होत्या. दिव्याच्या जागीं भोंक पाडून पारदर्शक थेंब बसवावा.

येथवर सर्व कांहीं पुस्तकांवरून करतां येतें. खरी अडचण आहे ती बाँबच्या कप्प्यांची. चाकांच्या आवरणांना आखूड पंख जोडून त्यांखालीं लहान बाँब नेण्याची सोय ह्या विमानांत मुळांतच होती, आणि अशा लहान बाँबांवर बहुतेक पेट्यांचें समाधान होतें. अडीचशें पौंडांच्या बाँबचा व्यास सुमारें दहा इंच. आपल्या प्रमाणांत साडेतीन मिलिमीटर. तो दुसऱ्या पेटींतून मिळेल. पण ज्या ओबडधोबड कप्प्यांमुळें टेहळणीचें विमान हल्ल्याचें विमान झालें, ते कोणत्या पेटींत मिळणार? ते पथकाच्या कारागिरांच्या हातांतून निघाले. त्या कारागिरांचीं नांवें बहुतेकांना ठाऊक नाहींत. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्यासाठीं जेमतेम एक वाक्य असतें. मोह असा होतो कीं, आपल्या कल्पनेनें पट्ट्या, कड्या, बोल्ट असें काहींतरी ठसठशीत करून लावावें. तो आवरावा. छायाचित्रांत जेवढें स्पष्ट दिसेल तेवढेंच करावें. जेथें सावली आहे तेथें साधा, सपाट, निमूट तुकडा ठेवावा. रंजक कल्पना एकदां प्रतिकृतींत शिरली, प्रतिकृतीचें छायाचित्र निघालें, आणि तें पाहून दुसऱ्यानें तिसरी प्रतिकृति केली, कीं मूळ कप्पा कसा होता हें सांगणारा पुरावा त्या गर्दींत हरवतो. ज्यांनीं तो घडविला त्यांचा मान राखण्याचा ह्याहून चांगला मार्ग दिसत नाहीं.

पुराव्याचीहि पारख करावी लागते. दिल्लीस पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयाच्या संग्रहांत लायसँडर आहे. तेथें जाऊन वह्या भरून टिपणें घेण्यासारखें आहे. नळ्यांची मांडणी, खोलीची रुंदी, पंखाची मुळें ह्या गोष्टी खऱ्या वस्तूवरून जशा कळतात तशा चित्रावरून नाहींत. पण तें विमान टाँगूचें नव्हे. आपल्या हवाई दलाकडील एक लिबरेटर कॅनडास गेलें, त्याच्या मोबदल्यांत तें कॅनडाहून आलें. त्याच्या अंगावरचा रंग संग्रहालयानें दिलेला आहे. साक्षीदार खरा असला तरी त्यानें जें पाहिलें नाहीं त्याविषयीं त्याची साक्ष काढूं नये.

जुन्या छायाचित्रांचीहि अशीच गोष्ट आहे. त्या काळच्या कित्येक फिल्मांवर तांबड्या रंगाचा परिणाम होत नसे. त्यामुळें तांबडें काळें पडे आणि निळें फिकें निघे. अशा चित्रावरून रंगाची छटा ठरविणें म्हणजे सावलीवरून माणसाचा वर्ण सांगण्यासारखें आहे. तेथें तारीख अधिक उपयोगी पडते. ब्रिटिश व हिंदी विमानांवरील वर्तुळाकार चिन्हांत मध्यभागीं तांबडा ठिपका असे. जपानी विमानांवरहि तांबडें वर्तुळच असल्यामुळें घोटाळा होऊं लागला, आणि १९४३ च्या मध्याच्या सुमारास ह्या आघाडीवरील विमानांवरून तांबडा रंग काढून टाकण्यांत आला. तेव्हां १९४२ च्या फेब्रुवारींतील लायसँडरवर ठिपका हवाच. ‘ब्रह्मदेशची आघाडी’ एवढेंच वाचून निळें-पांढरें चिन्ह लावलें तर एका वर्षाहून अधिक चूक होते. त्याचप्रमाणें पेटींत शिडी व पोटाखालची लांब टांकी असल्यास ती बाजूला ठेवावी. ती फ्रान्समध्यें रात्रीं गुप्तपणें माणसें उतरविणाऱ्या लायसँडरची. आपल्या विमानाशीं तिचा संबंध नाहीं.

शेवटीं राहिली धूळ व झीज. आजकाल प्रतिकृतीवर गंजाचे ओघळ काढण्याची फार चाल आहे. येथेंहि विचार करावा. हीं विमानें पथकाकडे येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तांबडा गंज चढत नाहीं. फेब्रुवारींत ब्रह्मदेशांत पाऊस नसतो, म्हणून चिखलहि नको. चाकांच्या आवरणांवर व पोटाखालीं फिकी धूळ, धुराड्याच्या मागें काजळीची एक पुसट रेघ, चढउताराच्या जागीं थोडा उडालेला रंग, एवढ्यावर थांबावें. रंगहि चकचकीत नको, आणि मूळ रंगापेक्षां किंचित् फिका असावा; कारण वीतभर वस्तु आपण हातभर अंतरावरून पाहतों, तें खऱ्या विमानाला बऱ्याच अंतरावरून पाहण्यासारखें असतें, आणि दुरून पाहिलेला रंग निवलेला दिसतो.

श्रोतेहो, कोणी विचारील, वीतभर प्लॅस्टिकसाठीं एवढा खटाटोप कशाला? ठिपका तांबडा कीं पांढरा, दांडे आहेत कीं नाहींत, ह्यानें जगाचें काय अडतें? जगाचें कांहीं अडत नाहीं. पण पाहणाऱ्याचें अडतें. एखादें पुस्तक वाचून आपण म्हणतों, पथक टाँगूस गेलें आणि त्यानें हल्ला केला. तेंच विमान हातांनीं करूं लागलें म्हणजे कळतें कीं त्या काचेच्या खोलींतून चहूंकडचें आकाश दिसत होतें, तसेंच चहूंकडून तिच्यावर गोळ्याहि येऊं शकत होत्या; कीं ज्या आखूड पंखांना लहान बाँब पेलावयाचे होते त्यांना अडीचशें पौंडांचें ओझें सांगितलें गेलें; कीं हीं विमानें मुंबईच्या निधींतून आलीं, आणि त्यांत बसणारे वैमानिक विशी-पंचविशींतले होते. हें ज्ञान बोटांतून येतें व म्हणून टिकतें. युद्धाचें कौतुक करण्यासाठीं हा छंद नाहीं. माणसांनीं कोणत्या साधनांनिशीं काय केलें, हें फुगवून न सांगतां आणि कमी न करतां मांडतां यावें, एवढीच त्याची शिकवण आहे. घरांतल्या मुलाबरोबर ही पेटी उघडाल तेव्हां त्याच्या हातीं आधीं मोजपट्टी द्या आणि मग पातें. आणि त्यानें एखादा भाग बसविला कीं एवढेंच विचारा, ‘हें असेंच होतें, तें तुला कशावरून कळलें?’